नदीदर्शनी घर विकणे आहे

घर विकण्याआधी फोटो काढावेत आणि फोटोआधी घरात माणसं राहत असल्याच्या खुणा काढाव्यात, ही शिस्त कोल्हापूरकरांनी अंगी बाणवली, हे स्तुत्यच. कटाचं पातेलं माळ्यावर, दारातल्या चपला शेजाऱ्यांकडे. आजोबांनाही तिकडंच बसवावं. ते फोटोत मावत नाहीत आणि गिऱ्हाइकाशी खरं बोलतात. भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या महापुरांच्या रेघा असतील, तर एकीवर पिस्ता रंग द्यावा, दुसरीवर निसर्गचित्र टांगावं. धबधब्याचं नको. फोटो मे महिन्यातच घ्यावेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. तोवर नदी खिडकीबाहेरच शोभते, म्हणून जाहिरातीत ‘नदीदर्शनी’ लिहायला हरकत नाही. पावसाळ्यात ती आत आलीच, तर तिला हॉल दाखवावा लागत नाही. तिनं तो दोनदा बघितलाय.