मास्तरांचा प्रोग्राम आणि हुगळीची भरती

फंक्शनल प्रोग्रामिंगचा गृहपाठ तपासायला आता मास्तर लागत नाहीत, त्यांचा नमुना प्रोग्राम पुरतो. विद्यार्थ्याच्या आणि मास्तरांच्या, दोन्ही प्रोग्रामना एकच इनपुट द्यायचे. उत्तरे जुळली की गुण. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली हास्केलसाठी मांडलेले क्विकचेक हे चाचणीचे साधन तर अशी शंभर इनपुट आपणहून निवडते.

गंमत बेरजेत आहे. ०.१, ०.२, ०.३ उजवीकडून मिळवा, संगणक ०.६ सांगतो, डावीकडून मिळवा, सोळाव्या दशांशस्थळी एक आगंतुक १ उगवतो. मास्तर डावीकडून गेले असतील, तर ०.६ लिहिणारा नापास!

कोलकात्यात हुगळी नदीकाठच्या खिदिरपूरला हाच खेळ उलट चालला. १८७९ साली लंडनमध्ये भारतीय बंदरांसाठी भरती-ओहोटी वर्तवणारे यंत्र तयार झाले. पुढे त्या यंत्रावर काढलेले खिदिरपूरच्या भरतीचे छापील तक्ते तिथल्या भरतीमापकाशी ताडून पाहिले जात.

तक्ता चुकला, तर नदीला नापास करायची सोय नव्हती. तक्त्याचीच कानउघाडणी व्हायची.

संगणक विभागाच्या हाती कारभार असता, तर हुगळीला भरती पुन्हा सबमिट करायला सांगितले असते. वर उशिराचे दोन गुण कापले असते, ते वेगळेच.