फेसवाले काका

दिवाळीच्या तोंडावर रंगारी पैसे घेऊन गेला की फरशीवर उरलेल्या ठिपक्यांचा ताबा काका घेतात. असे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात, ओळख करून द्यायला नको. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, हातात अ‍ॅसिडची बाटली आणि तोंडी एकच सिद्धान्त: "फेस आला म्हणजे काम चाललंय!" ठिपका ऑइलपेंटचा असो की प्लास्टिक पेंटचा, फेस आला की काकांचा चेहरा उजळतो. माझं म्हणणं एवढंच, की तो फेस रंगाचा नसतो, दगडाचा असतो. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर ही सगळी कॅल्शियम कार्बोनेटची भावंडं. त्यांच्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड उसळतो आणि दगड विरघळू लागतो. प्लास्टिक पेंटमधलं अ‍ॅक्रिलिक मात्र त्या धुमश्चक्रीत ढिम्म बसून राहतं.

"पण डाग जातो ना?" जातो की. डोकं भादरलं की उवाही जातात. ठिपक्याच्या आजूबाजूचा आणि खालचा दगडच खरवडला गेल्यावर ठिपका बसणार कशावर? मग तिथे पॉलिश उडालेला पांढुरका चट्टा उमटतो, तो लपवायला काका शेजारची फरशी 'मॅच' करायला घेतात आणि पाडव्यापर्यंत हॉलभर फेस होतो. "आमचे वडील हेच करायचे" हा बचाव मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वडिलांच्या वेळी भिंतींना चुना असे. वाळलेला चुना म्हणजेही कार्बोनेट, त्यामुळे तो अ‍ॅसिडने खरोखरच सुटायचा. पुढे डिस्टेंपर आला, प्लास्टिक पेंट आला. बाटलीपर्यंत ती बातमी पोचलीच नाही.

खरा उपाय अगदीच बेचव आहे. गरम पाण्याचं फडकं ठेवून ठिपका मऊ करायचा, ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलकेच उचलायचा. ऑइलपेंट ओला असेल तर टर्पेंटाइन, वाळला असेल तर खिडक्या उघडून पेंट रिमूव्हर, तोही आधी कोपऱ्यात लावून बघून. दगडात मुरलेल्या रंगावर खडूची पूड थिनरमध्ये कालवून थापायची, प्लास्टिकने झाकायची आणि वाट बघायची. यात फेस कुठेच नाही, म्हणून काकांचा विश्वास नाही. शिकलेल्यांनी नाकं मुरडू नयेत. ब्रिटिश म्युझियममध्ये 1937-38 साली पार्थेनॉनची शिल्पं पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने घासली गेली, आणि मूळ ग्रीकांनी तर ती रंगवलेली होती! तिथले काका सुटाबुटात होते, एवढाच फरक.

तरी एक कबूल करायला हवं. रंगाऱ्याने खाली जुने पेपर अंथरले नाहीत, घरातल्यांनी डागावर सतरंजी ओढली. त्या दगडासाठी उकिडवा बसला तो हाच एक माणूस. आता तर फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. काका अ‍ॅसिड ओततात, चष्मा पुसून वाकून बघतात. टाइल हूं की चूं करत नाही. अ‍ॅसिडमध्ये भेसळ आहे म्हणून दुकानदाराशी भांडूनही झालं. शेवटी दोन टाइलांच्या फटीतलं सिमेंट जरासं फसफसलं, आणि तेव्हापासून काकांनी सगळं लक्ष फटींवर केंद्रित केलं आहे.