एका दिवसात तीन देश: बोडनझे सरोवरासाठी नवशिक्यांची मार्गदर्शिका

युरोपहून परतलेल्या माणसाला सोसायटीच्या गेटपाशी पहिला प्रश्न येतो तो ‘काय पाहिलंत?’ हा नव्हे. ‘किती देश केलेत?’ हा. उत्तर ‘दोन’ असलं, तर समोरचा हळूच तब्येतीची चौकशी करतो. ही नामुष्की टाळायची असेल तर बोडनझे गाठा. इंग्रजी नकाशात लेक कॉन्स्टन्स म्हणतात ते हेच. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध ५३६ चौरस किलोमीटर पाणी. शेंगेन व्हिसा एक, सरोवर एक, देश तीन! फक्त आपण सरोवर बघायला चाललेलो नाही, हे पहिल्यापासून ध्यानात ठेवा.

१. वेळापत्रकं जमवा. तीन देशांच्या तीन रेल्वे, प्रवासी बोटी निराळ्या, मोटारी नेणारी फेरी निराळी, कटमरान त्याहून निराळा. सगळं एका एक्सेल शीटमध्ये घाला, रांगांना रंग द्या आणि घरच्या ग्रुपवर टाका. उघडून कोणी बघणार नाही, पण कष्ट केल्याचा पुरावा राहील. फार कंटाळा आला तर जुन्या प्रवाशांची आठवण काढा. १८९० च्या दशकाआधी या काठावर पाच घड्याळं चालत: बाडेनचं, व्युर्टेम्बर्गचं, बव्हेरियाचं, ऑस्ट्रियाचं आणि स्विस. ते मिटलं, तर १९८० च्या उन्हाळ्यात जर्मनी आणि ऑस्ट्रियाने घड्याळं तासभर पुढे केली आणि स्वित्झर्लंडने केली नाहीत. जर्मन कॉन्स्टान्झहून शेजारच्या स्विस क्रॉइत्सलिंगेनला चालत निघालेला माणूस निघायच्या आधीच पोचत होता. आता वेळ सगळीकडे एकच आहे. बोट चुकली तर खापर घड्याळावर फोडता येणार नाही, दुसरं कोणीतरी आत्ताच बघून ठेवा.

२. मार्ग असा. कॉन्स्टान्झहून कटमरान पकडा, ५२ मिनिटांत फ्रीडरिशहाफेन. काउंट झेपेलिनचं पहिलं हवाई जहाज १९०० साली इथल्याच पाण्यावरून उडालं. त्याचं संग्रहालय बंदरावरच्या स्टेशनच्या इमारतीत आहे. आत जाऊ नका, संग्रहालय देशांत धरत नाहीत. गावात आणखी एक स्टेशन आहे. रेल्वेने लिंडाउला या. इथेही स्टेशनं दोन: एक बेटावर, दुसरं मुख्य भूमीवर रॉयटिनला. २०२० च्या डिसेंबरपासून लांब पल्ल्याच्या गाड्या रॉयटिनला थांबतात. बंदराच्या तोंडाशी सहा मीटरचा दगडी सिंह बसलाय, तो बेटाच्या बाजूला. चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर वाईट वाटून घेऊ नका. सिंह कुठे जात नाही, तुमची पुढची गाडी जाते. पुढे ऑस्ट्रियातलं ब्रेगेंझ. उन्हाळ्यात तिथे पाण्यातल्या रंगमंचावर ऑपेरा असतो, पण तो सुरू होतो रात्री, आणि रात्रीपर्यंत आपल्याला स्वित्झर्लंड उरकायचंय. म्हणून सांक्ट मार्गरेथेनला जा, फलाटावर पाय टेकवा, फोटो काढा. झाला देश. मग काठाकाठाने रोमान्सहॉर्नवरून परत कॉन्स्टान्झ.

३. सीमा तुम्हीच जाहीर करा. अभ्यासू मंडळींनी रेल्वेऐवजी लिंडाउ ते ब्रेगेंझ बोटीने जावं, कारण ओबरझे या सरोवराच्या मुख्य भागातल्या खोल पाण्यात सीमा कुठे आहे यावर तिन्ही देशांचं आजतागायत एकमत झालेलं नाही. स्वित्झर्लंड म्हणतं, रेष मधोमध. ऑस्ट्रिया म्हणतं, खोल पाणी सगळ्यांचं सामाईक. जर्मनीने ठाम भूमिका घेतलेलीच नाही. आपल्याकडे बांधावरून भाऊबंद पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातात. इथे बांधच नाही, आणि तरी सगळे मिळून मासे धरतात आणि बोटी चालवतात. तुम्ही मात्र ही संधी सोडू नका. रेलिंगला टेकून, घसा खाकरून म्हणा, “आलो बघा ऑस्ट्रियात!” शेजारचे काका “अजून नाही” म्हणाले तर त्यांना नकाशा दाखवायला सांगा. ऑस्ट्रियाचं म्हणणं धरलं तर त्या एकाच क्षणी तिन्ही देश होतात, आणि गेटपाशी सांगताना हेच म्हणणं धरायचं.

४. फोन खिशात ठेवू नका, विमान मोडवर ठेवा. जर्मन काठावरच्या बाकावर बसलात तरी तो हौसेने स्विस टॉवर पकडतो, आणि युरोपियन युनियनचं रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही. बाकावर बसल्या बसल्या तिसरा देश तुमच्या बिलात दिसला तरी नवल नाही.

५. काठावर नारिंगी दिवे लुकलुकू लागले तर स्वागत समजून हात हलवू नका. मिनिटाला ४० वेळा म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा, ९० वेळा म्हणजे वादळाचा. मोजत बसलात तर बोट गेली, न मोजता भाड्याच्या होडीतून निघालात तर तुम्ही.

६. फोटो. कॉन्स्टान्झ बंदरात शिल्पकार पेटर लेंक यांचा इम्पेरिया हा ९ मीटरचा पुतळा १९९३ पासून उभा आहे. बाईंच्या एका तळहातावर मुकुटधारी, दुसऱ्यावर पोपची टोपी घातलेला, दोघेही उघडेबंब. गावात १४१४ ते १४१८ धर्मपरिषद भरली होती, तिची ही थट्टा. बाई स्वतःभोवती फिरतात, एक फेरा चार मिनिटांचा. ग्रुप नीट उभा राहतो, आजींचा पदर सारखा होतो, कोणीतरी “स्माइल” म्हणतं, तोवर बाईंची पाठ. पुन्हा चार मिनिटं थांबलात तर कटमरान गेला. पाठीचा फोटो चालवून घ्या.

७. एप्रिल ते ऑक्टोबरचा मध्य या काळातच जा. एरवी प्रवासी बोटी बहुतेक बंद असतात. कॉन्स्टान्झ ते मेर्सबुर्ग ही १९२८ साली सुरू झालेली फेरी मात्र वर्षभर, रात्रंदिवस चालते. पंधरा मिनिटांत पलीकडे. पण तिचे दोन्ही काठ जर्मनीतच आहेत, तेव्हा तिच्यात वेळ घालवू नका.