फाळक्यावर काय लिहावं? नव्या हार्वेस्टरमालकांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुम्ही राहता इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, शेती आहे सांवेर नाहीतर देपालपूरच्या बाजूला, आणि घरच्यांचा विरोध मोडून तुम्ही नुकताच हार्वेस्टर घेतला आहे. पहिला हप्ता भरून झाला आहे. घरची जमीन दोन-तीन दिवसांत कापून होते आणि उरलेलं वर्ष यंत्र ओट्याला टेकून नुसतं हप्ता खातं. म्हणून लोकांची शेतं भाड्याने काढून द्यायची असं ठरलं आहे. घरातला धाकटा पुतण्या म्हणतो, "काका, मशीनवर मोठ्ठं नाव टाका, रेडियममध्ये." तुमच्या मातोश्री म्हणतात, "नाव टाकायची काय गरज? होळकरांच्या वेळेपासून लोक ओळखतात आपल्याला." दोघांचंही ऐकू नका. खालचे धडे क्रमाने वाचा.

धडा पहिला: आधी यंत्राकडे नीट बघा

पेंटरला बोलावण्यापूर्वी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घाला. धान्याच्या टाकीची दोन्ही अंगं, म्हणजे सगळ्यांत मोठी आणि सपाट जागा, कंपनीने आधीच व्यापली आहे. हातभर उंचीच्या अक्षरांत तिचं नाव आहे, खाली मॉडेलचा नंबर आहे आणि कोपऱ्यात डीलरचं नाव, गाव आणि फोन आहे. मागच्या बाजूला ज्या बँकेने कर्ज दिलं तिचा उल्लेख आहे. रंगही कंपनीचाच. गावात कोणी तुमच्या यंत्राला तुमचं म्हणत नाही, 'तो लाल', 'तो निळा' म्हणतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. यंत्रावर जाहिरात करावी का, हा वाद तुमच्या घरात आज सुरू झाला असला तरी यंत्रावर जाहिरात कधीपासूनच आहे. फरक एवढाच की पैसे तुम्ही भरता आणि नाव दुसऱ्याचं फिरतं.

धडा दुसरा: जागा निवडणे

नवशिके लोक नाव समोर घालतात. समोर कटर बार असतो. रस्त्याने जाताना तो उतरवून मागे वेगळ्या ट्रॉलीवर बांधून न्यावा लागतो, आणि शेतात तो चालू असतो तेव्हा समोर उभं राहून वाचन करण्याइतका निवांत माणूस मालव्यात अजून भेटलेला नाही. शिवाय पहिल्या दोन तासांत त्याच्यावर भुसकट आणि धुळीचा असा थर बसतो की तुमच्या आडनावाची फक्त वेलांटी उरते.

ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर फाळका ही पारंपरिक जागा. ती चांगली आहे, फक्त ट्रॉली रिकामी असेपर्यंत. भुसा भरून वर जाळी आवळली की तो चारी बाजूंनी फुगून बाहेर येतो आणि तुमचं नाव, फोन, वाईट नजरेला दिलेला शाप, सगळं त्याखाली जातं. म्हणजे धंदा जोरात असतो तेव्हा जाहिरात दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ट्रॉली रिकामी आहे हे साऱ्या उज्जैन रोडला कळतं.

एक जागा मात्र कोणत्याही मजकुरासाठी वापरायची नाही: लाल रिफ्लेक्टर आणि चमकपट्टीची. अंधारात दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसावी एवढ्यासाठी ती असते. या एका ओळीत विनोद नाही.

धडा तिसरा: मजकूर

मजकूर वेगाने जाणाऱ्याला वाचता आला पाहिजे. नाव, गाव, फोन. बस. देवांची नावं तीनपेक्षा जास्त झाली तर फोन नंबरला जागा उरत नाही, आणि गिऱ्हाइकाला लावायचा असतो फोन.

'एकदा सेवेची संधी द्या' लिहू नका. सोयाबीन एकदाच कापता येतं, तेव्हा गिऱ्हाइकाच्या मनात नको ती शंका येते. 'उत्तम, स्वस्त, तत्पर' हेही नको. मालव्यातला गहू मार्चमध्ये पिकतो आणि सगळ्यांचा एकदमच पिकतो. त्या दोन-तीन आठवड्यांत जो तत्पर असतो तो स्वस्त नसतो, आणि जो स्वस्त असतो तो 'उद्या सकाळी येतो' म्हणतो.

वाहनाच्या पाठीवर लिहिलेलं लोक खरोखर पाळतात, हेही ध्यानात ठेवा. 'हॉर्न ओके प्लीज' या तीन शब्दांमुळे लोक उगाच भोंगे वाजवतात म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते लिहायलाच बंदी घातली. तुम्ही 'केव्हाही फोन करा' लिहिलंत तर रात्री अडीचला फोन येईल. आकाशात ढग आलेले असतील आणि पलीकडचा माणूस शेतातून बोलत असेल.

शेवटी पेंटर. काम झालं की तो खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि नंबर टाकतो. तो खोडायला सांगू नका. वर्षाअखेर तुलना करा: तुमच्या यंत्रावरून तुम्हाला जास्त कामं मिळाली की त्याला.

धडा चौथा: कायदा

तुमच्या पुतण्याची दुसरी सूचना अशी असेल की गावागावांतल्या भिंतींवर नाव रंगवू. त्याला मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४ वाचायला द्या. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या, लोकांना दिसणाऱ्या मालमत्तेवर लिहिलं तर एक हजार रुपयांपर्यंत दंड. त्यातही स्वच्छतेचा पहिला नंबर वर्षानुवर्षं मिरवणारं इंदूर भिंतींच्या बाबतीत जरा हळवं आहे. याच कायद्यात एक सूट मात्र आहे: मालमत्तेच्या मालकाचं किंवा तिथे राहणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिणं गुन्हा नाही. म्हणजे ज्या वस्तूचे मालक आपण, तिच्यावर आपलं नाव घालण्याचं माणसाला वाटणारं अगत्य कायद्यालाही समजतं.

नंबर प्लेटवर मात्र कलाकारी नको. तिथे इंग्रजी अक्षरं आणि नियमातल्या मापाचे आकडे, एवढंच. 'दादा' वाचता येईल असे आकडे वळवण्याची हौस चौराह्यावर महाग पडते.

धडा पाचवा: दुसऱ्याची जाहिरात भाड्याने घ्यावी का?

तुमचं यंत्र गावोगाव फिरतं हे कळलं की एखादा खतवाला किंवा बियाणंवाला येईल. म्हणेल, आमचा फलक लावा, हंगामाचे इतके घ्या. फुकटचे पैसे वाटतील. थांबा. लोकांचं पीक कापून देणं, मळून देणं, शेतीची यंत्रं भाड्याने देणं यावर जीएसटी नाही. जाहिरातीसाठी जागा देणं ही मात्र करपात्र सेवा, १८ टक्क्यांची. फक्त करमुक्त काम करणाऱ्याला नोंदणी लागत नाही. करपात्र काम मिसळलं की एकूण उलाढाल मोजली जाते, कापणीचीही, आणि ती २० लाखांपुढे गेली तर नोंदणी आली, विवरणपत्रं आली, सीए आला. चार हजारांच्या फलकासाठी घरात सीए शिरला की तो हप्त्यापेक्षा जास्त टिकतो.

दुसरं कारण साधं आहे. ज्याचं बियाणं उगवलं नाही तो शेतकरी कंपनीला शोधायला जाणार नाही. ज्या यंत्रावर तिचा फलक पाहिला, ते कोणाचं हे त्याला माहीत असतं.

धडा सहावा: मोठ्यांची उदाहरणं

कृष्णपुऱ्यातल्या माणसाला नावाचा अभ्यास करायला लांब जावं लागत नाही. पुलाशेजारी, कान्ह नदीच्या काठी, कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकरांच्या छत्र्या आहेत. दगडात कोरलेले शिपाई आहेत, वादक आहेत, कमानी आहेत. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तिथे उभं करून विचारा, कुठली छत्री कोणाची? मग त्याच पाहुण्याला विचारा, तू उतरलास ते विमानतळ कोणाच्या नावाचं? तो लगेच सांगेल. अहिल्याबाईंनी राज्यकारभाराचे हुकूम स्वतःच्या नावाने काढले नाहीत, 'श्री शंकर' या नावाने काढले. काशीपासून रामेश्वरापर्यंत बांधकामं केली. आज इंदूरचं विमानतळ त्यांच्या नावाचं, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. नाव दुसऱ्यांनी घातलं.

तुमच्या मातोश्री लगेच म्हणतील, "बघ, मी काय सांगत होते?" त्यांना नम्रपणे सांगा की अहिल्याबाईंच्या डोक्यावर हार्वेस्टरचा हप्ता नव्हता.

हप्त्यासारखीच चिंता असलेला माणूस हवा असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे या. १९०३ साली बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर विकला जाईना. तेव्हा त्यावर मोठं नाव घालून काही झालं नसतं, कारण अडचण नावाची नव्हती, नांगराखालच्या मातीची होती. लोकांनी त्या मातीत पीक आलेलं पाहिलं तेव्हा नांगर खपला. कारखान्याची माहिती द्यायला 'किर्लोस्कर खबर' निघाली ती १९२० साली, म्हणजे किर्लोस्करवाडी वसून दहा वर्षं झाल्यावर. आधी काम, मग छापखाना.

आता विलायतेत चला. भाड्याने मळणी करून देणारे वाफेच्या इंजिनवाले तिकडे गावोगाव फिरत. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने अशा रस्त्यावरच्या इंजिनापुढे माणूस चालवायला लावला, त्याच्या हातात लाल निशाण दिलं आणि आणखी एक सक्ती केली: मालकाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण इंजिनावर ठळक दिसेल असं लावायचं, नाहीतर दंड. ही जाहिरात नव्हती. कोणाचं कुंपण मोडलं, कोणाची बैलं उधळली, गंजीला ठिणगी लागली, तर जाब कोणाला विचारायचा हे लोकांना कळावं म्हणून ते नाव होतं.

हा धडा दोनदा वाचा. यंत्रावर नाव घालण्यात गिऱ्हाईक बोलावणं थोडं आणि जामीन राहणं फार. पुतण्याला पहिली गोष्ट दिसते, दुसरी पावसाळ्यानंतर दिसते.

धडा सातवा: खरी जाहिरात कुठे असते

सप्टेंबरअखेर सोयाबीन वाळायला लागतं. फार वाळलं की शेंगा तडकून दाणे जमिनीवर. शेतकरी बांधावर उभा असतो आणि शेजाऱ्याच्या शेतातलं यंत्र बघत असतो. तो फाळका वाचत नाही. यंत्र पुढे गेल्यावर खाली वाकून बोटांनी माती चाळतो, किती दाणे सांडले ते बघतो. टाकीतून मूठभर काढून फुटलेल्या डाळी मोजतो. इंदूरच्या खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था बियाण्याच्या सोयाबीनसाठी थ्रेशरची गती मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर ठेवा म्हणून सांगते, कारण सोयाबीनची साल पातळ. जोरात मळलेला दाणा दिसायला ठीक असतो आणि पुढच्या जूनमध्ये उगवत नाही. हंगामात चार बिघे जास्त उरकावेत म्हणून ड्रायव्हर गती वाढवतो. तुमचं नाव आठ महिन्यांनी खराब होतं आणि तेव्हा तुम्ही उन्हाळी सहलीचे फोटो बघत असता.

गव्हाचंही तेच. घाईत कटर बार उंच ठेवला की गुडघाभर नरवाई, म्हणजे धसकटं, उभी राहते. शेतकरी तिला काडी लावतो, तहसीलचा माणूस येतो, दंडाची पावती शेतकऱ्याच्या नावाने फाटते. शेतकरी मात्र दुसऱ्या एका नावाने बोटं मोडत असतो. ते त्याच्या समोरच रंगवलेलं असेल तर स्मरणशक्तीला ताण पडत नाही.

पंजाबहून दर मार्चला येणाऱ्या मंडळींकडून हे शिकण्यासारखं आहे. त्यांच्या कम्बाइनवर गाव, जिल्हा, फोन सगळं लिहिलेलं असतं. पण ज्या गावात ते यंत्राखाली खाट टाकून झोपतात, तिथला जुना गिऱ्हाईक ड्रायव्हरला नावाने हाक मारतो. मालक तिकडे पंजाबात, गावाने पाहिला तो ड्रायव्हर. तेव्हा पेंटरच्या आधी ड्रायव्हर निवडा, आणि रेडियमवर खर्च करणार असाल तेवढे पैसे आधी त्याच्या पगारात घाला.

शेवटची परीक्षा

पहिला हंगाम संपला की खालच्या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे द्या. घरच्यांना दाखवू नका.

एक: मागच्या हंगामात कोणाच्या शेतात तुमचं काम बिघडलं, ते तुम्हाला सांगता येतं का?

दोन: त्या माणसाने फोन केला तर तुम्ही उचलता का?

तीन: उचलल्यावर ड्रायव्हरला न पाठवता त्याच्या शेतात स्वतः परत जाता का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर पेंटरला बोलवा. नाव, गाव, फोन घाला, तिन्हींपैकी काही गाळू नका. एक जरी 'नाही' असेल तर यंत्र जसं आलं तसंच राहू द्या. त्यावर कंपनीचं नाव आहे, डीलरचं आहे, बँकेचं आहे. बिघडलेल्या कामाचं खापर फोडायला तीन नावं पुरेशी आहेत.

पहिला हंगाम न लिहिता काढा, असा सल्ला बहुतेकांनी घ्यावा. दुसऱ्या हंगामात लोक स्वतःहून नंबर मागायला लागले, तर तो फाळक्यावर रंगवणं ही लोकांची सोय होईल. नाही मागितला, तर पेंटरचे पैसे हप्त्याला लावा.