तीन तोळ्यांची गोळी

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर आजोबांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गादी, बागेसरी नावाची सोनारी शेगडी आणि काचेच्या पेटीतला काटा. कुणी पंखा लावला की ते खेकसायचे, कारण वाऱ्याने काटा गुंजभर हलतो आणि गुंजभर सोनं म्हणजे चेष्टा नाही. तो काटा माझ्या रक्तात उतरलाय, असा माझा बरीच वर्षं समज होता. गेल्या जूनमध्ये एका लोखंडी कोंबडीने तो दूर केला.

मी राहतो डेन्व्हरला. ‘क्विग्ली डाउन अंडर’ हा १९९० सालचा सिनेमा मी गरजेपेक्षा जास्त वेळा पाहिला. त्यात टॉम सेलेक शार्प्स रायफल घेऊन ऑस्ट्रेलियात जातो आणि पार क्षितिजाजवळची बादली उडवतो. झालं. बावन्नाव्या वर्षी मी १८७४च्या शार्प्सची इटलीत घडवलेली प्रतिकृती घरी आणली. जवळजवळ साडेपाच किलो वजन. खालचा दांडा पुढे ढकलला की पोलादी ठोकळा खाली सरकतो, एक काडतूस घालायचं, झाडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. बायकोने सगळं शांतपणे पाहिलं. “एका वेळी एकच गोळी ना? बरंय. नुकसान बेतात राहील.”

या रायफलचं काडतूस म्हणजे पंचेचाळीस-सत्तर. अमेरिकी लष्कराने १८७३ साली घेतलेलं. नावातच पाककृती आहे: गोळीचा व्यास इंचाचे पंचेचाळीस शतांश, काळी दारू सत्तर ग्रेन. लष्कराची मूळ गोळी ४०५ ग्रेनांची. हा आकडा वाचला आणि मी खुर्चीतून उठलोच. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा १८० ग्रेनांचा ठरवला होता. म्हणजे ४०५ ग्रेन बरोबर सव्वादोन तोळे! आणि लांबच्या नेमबाजीत काही जण ५४० ग्रेनांची गोळी वापरतात, ती नेमकी तीन तोळ्यांची. जगात कुठल्याच नेमबाजाने गोळी या कारणासाठी निवडली नसेल, पण मी निवडली.

दारूचं मात्र इतक्या झटपट जमेना. त्या आठवड्यात आईचा फोन आला तेव्हा मी तंद्रीतच म्हणालो, “अगं, कुठली दारू घ्यावी तेच ठरत नाहीये.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “घेतोच आहेस तर चांगली घे बाबा. स्वस्तातली नको.”

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. ती दाण्यावर ओळखतात. एक एफ म्हणजे जाडा रवा, दोन एफ बारीक रवा, तीन एफ त्याहून बारीक. दाणा बारीक तसं जळणं झटपट. मी तीन आठवडे वाचून दोन एफवर आलो. दुकानदाराने ते तीन सेकंदांत सांगितलं असतं. बिनधुराची आधुनिक दारूही मिळते, पण काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर बंदुकीबरोबर भरणाराही फुटतो. तिच्या डब्याला मी हातही लावला नाही. या संपूर्ण प्रकरणात मी दाखवलेली अक्कल एवढीच.

मग गॅरेजमध्ये माझा सराफ कट्टा सुरू झाला. काटा मांडला. पंखा बंद, दार बंद, मुलांना आत यायला बंदी. प्रत्येक चिमूट ग्रेनच्या दशांशापर्यंत मोजली. पितळेच्या हातभर नळीतून ती तुपाच्या धारेसारखी हळूहळू पुंगळीत सोडली, म्हणजे दाणे घट्ट बसतात. काळ्या दारूत गोळीखाली पोकळी राहता कामा नये, म्हणून वर पुठ्ठ्याची चकती ठेवून ती दाबली. पन्नास गोळ्या तोलल्या आणि ग्रेनभर इकडेतिकडे असलेल्या अकरा बाजूला काढल्या. आजोबा असते तर पाठ थोपटली असती, असं मनात आलं.

आजोबा असते तर कान पिळला असता. मी घेतलेल्या गोळ्या कडक शिशाच्या होत्या. ‘कडक ते चांगलं’ असं मी गृहीत धरलं होतं. सोनाराच्या नातवाला एवढं तरी कळायला हवं होतं, की सगळी कला हीण किती मिसळायचं यातच असते. काळ्या दारूसाठी वीस भाग शिशाला एक भाग कथील, इतपत मऊ गोळी चालते. दारूचा धक्का बसला की तिचं बूड फुगतं आणि बंदुकीच्या नळीतल्या खाचा बुजतात. माझी गोळी फुगणारी नव्हती. वर तिच्या अंगावरच्या चरबीच्या खाचा उथळ, आधुनिक दारूसाठी केलेल्या. काळ्या दारूमागे जी काजळी राहते, ती मऊ ठेवायला भरपूर मेण-चरबी लागते. माझ्या गोळीला होती ती कुंकवाच्या बोटाएवढी.

जूनमध्ये आमच्या क्लबची स्पर्धा होती. लोखंडी पत्र्याचे प्राणी पाडायचे: २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर डुकरं, ३८५ वर टर्की, ५०० वर मेंढे. कोंबड्या उभ्याने, कशाचाही आधार न घेता. पहिला बार काढला आणि पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की कोंबडी, टेकडी आणि मी तिघंही गायब. पण वास! नरक चतुर्दशीच्या पहाटेचा, लवंगी माळेचा वास. मी डोळे मिटून तो घेत राहिलो. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या क्लबातल्या म्हातारबांना वाटलं, मला चक्कर आली.

पाचही कोंबड्या उभ्या राहिल्या. माझ्या गोळ्या त्यांच्या आजूबाजूला माती उडवत होत्या, जणू दाणे टाकत होतो.

डुकरांची पाळी आली आणि सहावं काडतूस आत जाईना. अर्धं गेलं आणि अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी अंगठ्याने दाबलं, तळव्याने दाबलं, शेवटी मराठीत शिव्या घातल्या. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्या हवेत पाच बारांची काजळी नळीत वाळून तव्याच्या बुडासारखी घट्ट झाली होती.

म्हातारबांनी काडतूस काढून दिलं, नळी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि स्वतःच्या पेटीतून एक नळकांडं काढलं. पुढे रिकाम्या पुंगळीचं तोंड, मागे रबरी नळी. “प्रत्येक बारानंतर फुंकायचं. श्वासाच्या ओलीने काजळी मऊ राहते. हे घरी नाही का तुझ्याकडे?”

फुंकणी! माझ्या आजोबांचा निम्मा जन्म फुंकणी तोंडात धरून गेला. मी त्यांचा काटा, गुंजा, दाराच्या फटी बुजवणं, सगळं उचललं होतं, फक्त फुंकणी राहिली होती. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे कोलोरॅडोतल्या एका म्हातारबांनी टोचले.

मग मी फुंकलं, लांब लांब श्वास सोडून. नेम धरला. बार काढला. धूर निवळायच्या आत, दोनेक सेकंदांनी, समोरून आवाज आला: टण्ण! मी उडी मारली. डुक्कर आडवं झालं होतं.

“शाब्बास,” म्हातारबा म्हणाले, “पण ते शेजारच्याचं आहे.”

नंतर कॉफी पिताना त्यांनी माझी समजूत काढली. १८७४ साली लाँग आयलंडवरच्या क्रीडमूरला अमेरिका आणि आयर्लंडचा सामना झाला. आयर्लंडच्या मिल्नरने भलत्याच निशाणावर मधोमध गोळी मारली. चार गुण गेले आणि आयर्लंड ९३४ विरुद्ध ९३१, तीन गुणांनी हरलं. मला बरं वाटलं. मग आठवलं, की मिल्नरने बाकीच्या गोळ्या योग्य निशाणावरही मारल्या होत्या.

संध्याकाळी पुंगळ्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या. ओल्या काजळीला सडक्या अंड्याचा वास येतो, हे मला माहीत होतं, पण बायकोला नव्हतं. आता बादली अंगणात असते आणि बऱ्याचदा मीही.

रविवारी आईला फोन केला. “आजोबांची फुंकणी आहे का गं अजून?”

“मागच्या वर्षीच मोडीत दिली. भंगारवाला आला होता.”

“किती भरली?”

“वजन कोण करतंय तिचं! त्याने तशीच पिशवीत टाकली.”