रा. रा. फुटबॉलवेडे, मु. पो. रत्नागिरी यांस अनावृत पत्र



साहेब, सर्वप्रथम अभिनंदन. हापूस आणि टेनिस बॉल क्रिकेट यांच्यापलीकडे न बघणाऱ्या या गावात तुम्ही फुटबॉल जिवंत ठेवलात. रात्री साडेबाराला किकऑफ, बाहेर जुलैचा पाऊस, वीज जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर चार्ज केलेला, आणि अंगात ब्राझीलच्या विनिशियसच्या नावाची सात नंबरची जर्सी. एवढी निष्ठा गणपतीच्या जागरणालाही दिसत नाही.

मी मंडळाची यादी आणि वर्गणी लिहिणारा साधा माणूस. हिशेब लागला नाही की मला चैन पडत नाही, आणि तुमच्या प्रेमाचा हिशेब काही केल्या लागत नाही म्हणून हे पत्र. विनीने गोल मारला की तुम्ही सोफ्यावरून उठून ओरडता, 'आपला विनी रे!' त्यानेच पुढच्या खेपेला चेंडू आकाशात धाडला की ओरडता, 'काळ्या मेल्या, जा केळी खा!' माणूस आपला असण्याची मुदत नेमकी किती, ते कृपया कळवावे. एका गोलाला किती मिनिटं मिळतात? हॅटट्रिक झाली तर सबंध आठवडा धरावा का? पेनल्टी हुकली तर जमा गोल वजा होतात, की खातं नव्याने उघडावं लागतं?

जाता जाता एक बारीकशी सूचना. कोकणात खऱ्या माकडांनी बागायतदारांना सळो की पळो करून सोडलंय. निदान या जिल्ह्यात तरी ती केळ्यांची शिवी खऱ्या आरोपींसाठीच राखून ठेवावी.

यावर तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: 'गंमत हो, काका! आमच्या बोलण्यानं त्याला तिकडे माद्रिदात काय फरक पडतो?' फरक पडतो की नाही ते इंग्लंडच्या पोलिसांना विचारू. 11 जुलै 2021 ला युरो चषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या तेव्हा आपल्याकडे पहाट व्हायला आली होती. तिघेही कृष्णवर्णीय, आणि साका तर जेमतेम 19 वर्षांचा. पुढे समाजमाध्यमांवर त्यांच्या रंगावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांनी तपास करून 207 मजकूर गुन्हेगारी स्वरूपाचे ठरवले. त्यातली 34 खाती त्यांच्या देशातली निघाली आणि 123 परदेशातली. इंग्लंड हरल्याचं दुःख इंग्लंडपेक्षा परदेशालाच जास्त झालं होतं म्हणायचं! त्या परदेशात कोणकोण होतं, ते मी विचारत नाही. तुम्ही त्या रात्री जागे होता, एवढंच मला आठवतं.

शिवाय सगळ्यांनाच ती गंमत वाटते असंही नाही. मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानात विनिशियसला माकड म्हणणाऱ्या तिघांना स्पेनच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी आठ महिन्यांची शिक्षा सुनावली. स्टेडियममधल्या वर्णद्वेषी शेरेबाजीबद्दल त्या देशात झालेली ती पहिलीच शिक्षा. आपला सोफा अजून कुठल्याच न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, ही त्यातली सोय.

फ्रान्सची मॅच असली की तुमचा ठरलेला विनोद असतो, 'ही कसली फ्रान्स, ही तर आफ्रिकेची बी टीम!' 2024 मध्ये कोपा अमेरिका जिंकल्यावर अर्जेंटिनाच्या काही खेळाडूंनी बसमध्ये साधारण याच आशयाचं गाणं म्हटलं, आणि एन्झो फर्नांडेझला जाहीर माफी मागावी लागली. तुमच्या विनोदाची मात्र आमच्या कट्ट्यावर दर चार वर्षांनी नव्याने स्थापना होते. एम्बापे पॅरिसमध्ये जन्मला, शेजारच्या बाँडीत वाढला. पण बापाचं मूळ कॅमेरूनचं आणि आईचं अल्जीरियाचं, म्हणून तुमच्या लेखी तो फ्रेंच नाही. ठीक आहे. मग हाच नियम आपल्याला लावू. रत्नागिरी-रायगडातले कितीतरी कोकणी मुसलमान पिढ्यांमागे बोटीने केप टाउनला गेले, तिथलेच झाले. वर्णभेदाच्या राजवटीत 1950 चा ग्रुप एरियाज कायदा आला आणि कुणी कुठल्या वस्तीत राहायचं ते कातडीवरून ठरायला लागलं. तिथल्या गोऱ्या साहेबाच्या कोष्टकात आपला कोकणी माणूस 'बिगरगोऱ्यां'च्याच बाजूला होता. सोफ्यावरून ते कोष्टक नीट दिसत नसेल, म्हणून आठवण दिली.

आणि एवढ्या लांब तरी कशाला? खाली गोव्यात बघा. चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली आणि डेंपोचा रँटी मार्टिन्स, दोघेही नायजेरियाचे. त्यांच्या गोलांवर गोव्याने आय-लीगचे चषक मिरवले. त्याच गोव्यात 2013 च्या ऑक्टोबरअखेर पर्रा इथे एका नायजेरियनाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग रोखला, तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने समस्त नायजेरियनांना कॅन्सरची उपमा दिली. नंतर दिलगिरी झाली, ते सोडा. गोल मारणारा नायजेरियन आणि भाड्याने खोली मागणारा नायजेरियन हे दोन वेगळ्या देशांचे नागरिक असतात, एवढं त्यातून आम्हाला कळलं. केरळात तर मैदानाबाहेर पडण्याचीही वाट बघत नाहीत. मार्च 2024 मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या अरिकोडला एका स्थानिक स्पर्धेत आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी रंगावरून शिव्या घातल्या आणि पाठलाग करून मारलं. पोरगा तक्रार घेऊन पोलिसांकडे गेला. केरळ म्हणजे भारतातल्या फुटबॉलचं माहेर, असं तुम्हीच सांगत असता.

तुमची इजिप्तच्या सलाहवरची माया तर थक्क करणारी. गोल मारून त्याने हिरवळीवर कपाळ टेकलं की तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. मागच्या रविवारी मोहल्ल्याच्या टीममधल्या पोराने तसंच कपाळ टेकलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'आज इंडिया-पाक आहे, सोडायचं नाही.' गोल दोघांचाही जाळ्यातच गेला होता. मी स्वतः वहीत नोंदवला.

आता तुमच्या टीममधल्या त्या नेपाळी पोराकडे येतो. दिवसभर तो बागेत घळीने आंबे काढतो, रात्री पेट्या राखतो, आणि मधल्या तासात तुमच्याकडून टर्फवर खेळतो. कुणाचे तरी जुने बूट, ते पण एक नंबर मोठे. पुढे कागद कोंबलेला. डाव्या पायाने तो असा क्रॉस टाकतो की पुलाखालून बोट जावी तसा चेंडू बचावफळीतून अलगद निघून जातो. जिंकलात की तो 'बहादूर', एरवी 'कांचा', हरलात की 'मोमो'. खेळ संपला की थंड पाण्याची बाटली फिरते. सगळे तोंड लावून पितात. त्याच्या हातात आली की कुणीतरी हसत म्हणतं, 'वरून पी रे.' तो वरून पितो. अर्धं पाणी शर्टावर सांडतं आणि त्याचंही हसू होतं.

हे तंत्र जुनं आहे, साहेब, त्याचं श्रेय तुम्हाला देता येत नाही. पालवणकर बाळू पुण्यात क्रिकेट खेळायचे. आडनावातलं पालवण आपल्या कोकणातलंच. चर्मकार समाजात जन्मलेला हा फिरकी गोलंदाज 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेऊन आला. पण सुरुवातीच्या काळात त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या कपात यायचा. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, आतला कप मात्र त्यांना नाही. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही बऱ्याच रुसव्याफुगव्यांनंतर.

आणि नेपाळी चेहऱ्याचं तुम्हाला एवढं हसू यावं, याचं मला नवलच वाटतं. पाहुणे आले की तुम्ही त्यांना थिबा राजवाड्यावर नेता ना? म्यानमारचा तो राजा 1886 ला इंग्रजांनी इथे आणून ठेवला, 1916 ला इथेच वारला. त्याची नात टूटू याच गावात वाढली, मराठी बोलली, गरिबीत म्हातारी झाली. राजवाड्याच्या गच्चीवर तुम्ही ऐटीत सेल्फी काढता. तसल्याच डोळ्यांचा पोरगा खाली टर्फवर उभा राहिला की मात्र 'चिंकी'. त्यालाही एखादा राजवाडा बांधून द्यावा काय? फोटोची तरी सोय होईल.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
मंडळाची वही सांभाळणारा

ता. क. पुढच्या महिन्याच्या स्पर्धेची यादी परवा दुपारपर्यंत द्यायची आहे. तुमच्या टीमची सात नावं आली, त्यातली सहा नीट आहेत. सातव्याच्या पुढे 'बहादूर (बागवाला)' एवढंच लिहिलंय. आयोजक ओळखपत्रावरचं पूर्ण नाव मागतात. दोन हंगाम तो तुमच्याकडून खेळतोय, तर ते तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर त्यालाच विचारून कळवावे. बुटाचा नंबरही विचारावा, वर्गणीत थोडे पैसे शिल्लक आहेत.