वाडीत राहून पाश्चात्य तत्त्वज्ञान कसे शिकावे

सर्वप्रथम, घरी विषयाचे पूर्ण नाव सांगू नये. विषय विचारला तर 'इतिहास' म्हणावे, उरलेले शब्द खोकल्यात जाऊ द्यावेत. तरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून एखादे काका विचारतीलच, "काय भेटते बे हे शिकून?"

तेव्हा थेलीझ काढावा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या या गृहस्थालाही गावकरी हेच विचारून छळत. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो, की थेलीझने ग्रहतारे पाहून ऑलिव्हचे पीक जोरात येणार हे ताडले, हिवाळ्यातच तेलाचे सगळे घाणे किरकोळ इसार देऊन अडवले आणि हंगामात मनमानी दराने भाड्याने दिले. गोदामांचे भाडे तोंडपाठ असलेल्या वाडीत यापुढे शंका उरत नाही. तारे बघता बघता तो विहिरीत पडला, हे मात्र काकांना सांगू नये.

नागपूर विद्यापीठाचा कॅम्पस अमरावती रोडवरच आहे, त्यामुळे झेनो वाटेतच आटोपतो. वाडी नाक्यावर ट्रेलरमागे स्कूटी लावावी. तुम्ही त्याच्या जागी पोहोचेपर्यंत तो हातभर पुढे सरकलेला असतो. झेनोच्या कोड्यातल्या अकिलीसला कासव का गाठता येत नाही, हे पहिल्या तासाआधीच कळते.

पुस्तकांत ग. ना. जोशींचा 'पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' परीक्षेसाठी. रसेलचा याच विषयावरचा 1945 चा ग्रंथ मजेसाठी. रसेल लिहितो झकास, पण नावडत्या माणसाला न्याय देत नाही. नीत्शेवरचे प्रकरण वाचून बघा.

देकार्त मे महिन्यासाठी राखून ठेवावा. 1619 च्या नोव्हेंबरात तो शेगडीने तापवलेल्या खोलीत एकटा बसून विचार करत होता; टिनाखाली तशी खोली आपल्याकडे फुकट मिळते. मग त्याच्यासारखा प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यावा, कूलरच्या पंपापासून सुरुवात करावी. देकार्तला उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहायची सवय होती. स्वीडनच्या राणीने त्याला पहाटे पाचच्या शिकवणीला लावले आणि 1650 च्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला. आई उठवायला आली की हे तारखेसकट सांगावे.

बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर असतील तर त्यांच्यापुढे स्पिनोझा मांडावा, कारण तो भिंगे घासून पोट भरत असे. त्याचा देव बाबांना पटणार नाही, पण भिंग कशावर घासायचा हे ते नक्की विचारतील. 1673 साली त्याने हायडेलबर्गची प्राध्यापकी नाकारली. तुम्हाला कुणी बोलावलेच, तर ते तासिका तत्त्वावर असेल. नाकारण्याआधी तासाचा दर विचारून घ्यावा.